हाताकडे पाठ करून बसलेला ससा

ऐरोलीच्या एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा. त्यांच्या घरी भुऱ्या नावाचा सात वर्षांचा ससा आहे. मुलगी तिसरीत असताना तो घरात आला आणि आता ती दहावीला आहे. सप्टेंबरात त्याच्या डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागली. ठाण्यातल्या डॉक्टरांनी ते दाढेच्या मुळाशी झालेले गळू असल्याचे सांगून शस्त्रक्रिया केली, टाके भरून आले, पण सहा आठवड्यांत गळू पुन्हा आले आणि आता जबड्याचे हाडही सडू लागल्याचे एक्स-रेमध्ये दिसते आहे. वजन २ किलो १०० ग्रॅमवरून १ किलो ४५० ग्रॅमवर उतरले आहे. दिवसातून पाच वेळा सिरिंजने पातळ खाणे भरवावे लागते. आजवर ४२,००० रुपये खर्च झाले. दाढ आणि सडलेले हाड काढण्याची दुसरी, मोठी शस्त्रक्रिया करायची किंवा इंजेक्शन देऊन त्याला कायमचे झोपवायचे, असे दोनच पर्याय डॉक्टरांनी ठेवले आहेत. सासूबाई म्हणतात की घरात जीवहत्या नको. दीर म्हणतात की येऊरच्या जंगलात सोडून या. यजमान काहीच बोलत नाहीत, फक्त बिले फाइलला लावतात. बाईंची स्वतःची इच्छा एवढीच आहे, की मुलीची मार्चमधली बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तरी त्याने तग धरावा. उपचार चालू ठेवावेत की थांबावे, आणि थांबलो तर आम्हीच त्याला मारले असे होईल का, हा त्यांचा प्रश्न आहे.

स. न. वि. वि.

भुऱ्याचे वजन ज्या वेगाने घटते आहे तो पाहता सदर छापून येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून यातला औषधाचा भाग मी तुम्हाला आधीच ई-मेलने कळवला आहे. इथे सविस्तर लिहिते, कारण असाच पेच पडलेली आणखी काही घरे असणार. मी पशुवैद्य नाही. मी ससे पाळले आहेत, त्यांची दुखणी काढली आहेत आणि एका सशिणीच्या बाबतीत मोठी चूक केली आहे. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

आधी माझे मत सांगते. तुमच्या जागी मी असते, तर दुसरी शस्त्रक्रिया केली नसती. एक आठवडा भुऱ्याची वेदना नीट शमवून पाहिली असती, आणि त्या आठवड्यात तो आपण होऊन खाऊ लागला नाही, तर आठव्या दिवशी त्याला शांतपणे जाऊ दिले असते. मार्चची वाट पाहिली नसती.

तुमच्या पत्रात औषधांची पूर्ण यादी आहे. अँटिबायोटिकचे इंजेक्शन आहे, पचनाचे थेंब आहेत, सिरिंजने भरवायची पावडर आहे, जीवनसत्त्वे आहेत, मात्र वेदनाशामक कुठेच नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस मेलॉक्सिकॅम दिले होते असा उल्लेख येतो आणि पुढे त्याचे नाव नाही. सडत असलेल्या हाडाचे दुखणे किती असते, हे ज्याची दाढ एकदा ठणकली आहे त्याला वेगळे सांगायला नको. सशाचे शरीर हे औषध कुत्र्याच्या मानाने लवकर बाहेर टाकते, त्यामुळे कुत्र्याच्या मापाने काढलेली मात्रा त्याला पुष्कळदा अपुरी पडते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की भुऱ्याला रोज वेदनाशामक देता येईल का, कोणत्या मात्रेत, मूत्रपिंडाची तपासणी आधी करायला हवी का, आणि एवढ्याने भागले नाही तर त्याच्या जोडीला आणखी जोरदार काही देता येते का. ही मात्रा घरी अंदाजाने ठरवायची नाही. आणि शेजारच्या काकूंनी मुलाचे उरलेले अमॉक्सिसिलिनचे सिरप देऊ केले आहे, ते कृपा करून परत करा. ते तोंडावाटे दिले, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू फोफावतात आणि तेवढ्यानेच ससा दगावू शकतो.

तुम्ही लिहिता, 'तो रडत नाही, ओरडत नाही, कोपऱ्यात शांत बसून असतो, म्हणून फार दुखत नसावे असे वाटते.' नेमकी इथेच सशाची माणसे फसतात, मीही फसले होते. कुत्रा कण्हतो, मांजर गुरगुरते. ससा मात्र दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून जन्माला आलेला आहे आणि दुखणे दाखवणारा ससा रानात आधी उचलला जातो, त्यामुळे तो ते शेवटपर्यंत लपवतो. पाठीची कमान करून, पुढचे पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धवट मिटून तासन्‌तास एका जागी बसणे हेच त्याचे कण्हणे असते. दात वाजवण्याचेही दोन प्रकार आहेत. कपाळावरून हात फिरवताना जो बारीक, जेमतेम ऐकू येणारा आवाज येतो तो सुखाचा असतो. कोणी हात लावलेला नसताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येणारी करकर मात्र वेदनेची असते. रात्री घर शांत झाल्यावर दिवा न लावता त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि कोणता आवाज येतो ते ऐका.

त्या एका आठवड्यात काय पाहायचे, तेही सांगते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवून रोज सकाळी एकाच वेळी त्याचे वजन घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. त्याच चौकोनात त्याने आपल्या तोंडाने किती वेळा खाल्ले आणि लेंड्या किती व कशा झाल्या, तेही लिहा. निरोगी सशाच्या लेंड्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, गोल आणि आत गवताचे धागे दिसणाऱ्या असतात. त्या मोहरीकडे झुकू लागल्या, काळ्या आणि टणक झाल्या, तर आतडे मंदावले आहे असे समजावे. बारा तासांत एकही लेंडी नाही आणि खाणेही नाही, अशी वेळ आली तर आठवडा पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे, कारण सशाचे पोट थांबले की तो फार काळ टिकत नाही. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. ससा पहाटेच्या सुमारास आपल्याच मऊ लेंड्या थेट खाली वाकून खातो आणि त्यातून त्याला प्रथिने व जीवनसत्त्वे मिळतात. तोंड किंवा पाठ दुखत असेल तर तो वाकत नाही, मग त्या बुडाला चिकटून राहतात. भुऱ्याची मागची बाजू तुम्हाला रोज धुवावी लागते असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

सिरिंजने भरवलेले खाणे या हिशेबात धरू नका. पडल्या काळात आतडे चालू ठेवण्यासाठी ते उत्तम आहे, शस्त्रक्रियेनंतर चार-आठ दिवस त्यावर काढता येतात, पण सहा आठवडे सिरिंजवर असलेला आणि तरीही जवळजवळ एक तृतीयांश वजन गमावलेला ससा बरा होण्याच्या वाटेवर नाही. त्याच्यासमोर दूर्वांची जुडी ठेवून पाहा. संकष्टीला देवळाबाहेर मिळते ती दूर्वा सशाच्या फार आवडीची असते आणि दाढांनाही चांगली असते. दुखणे शमले तर तो निदान काडी उचलून पाहील. वेदनाशामक पोटात असूनही आठवडाभर त्याने दूर्वेला तोंड लावले नाही, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा.

आता शस्त्रक्रियेविषयी. डॉक्टरांनी पहिल्या वेळी काही चुकीचे केले, असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. सशाचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही. तो टूथपेस्टसारखा घट्ट असतो आणि त्याभोवती जाड आवरण धरते, त्यामुळे चीर दिली तरी त्याचा निचरा होत नाही आणि अँटिबायोटिकही आत पुरेसे पोहोचत नाही. आवरणासकट सगळे काढावे लागते, मुळाशी असलेली दाढ काढावी लागते, आणि इतके करूनही ही गळवे परत येतात, हा या दुखण्याचा नेहमीचा अनुभव आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जखम बहुधा उघडी ठेवून काही आठवडे रोज धुवावी लागेल. काढलेल्या दाढेसमोरच्या दाढेला घासायला काही उरणार नाही. सशाचे दात जन्मभर वाढत असल्यामुळे ती वाढतच राहील आणि तिला ठरावीक दिवसांनी, बहुतेक वेळा भूल देऊन, घासावे लागेल. भुलेचा धोका वेगळाच. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निरोगी सशांपैकी सुमारे ०.७ टक्के ससे भुलेमुळे दगावले होते, तर आजारी सशांत हे प्रमाण ७ टक्क्यांवर होते. भुऱ्या आज कोणत्या गटात मोडतो, हे तुम्हाला दिसतेच आहे.

भुऱ्या तीन वर्षांचा असता, दोन किलोचा असता आणि गळू हाडात शिरले नसते, तर मी तुम्हाला उलट सल्ला दिला असता, आणि पैशांची अडचण असती तर ते कसे उभे करायचे यावर एक परिच्छेद लिहिला असता. सशाचे प्रत्येक गंभीर दुखणे म्हणजे शेवट, असे मुळीच नाही. मान एका बाजूला वळून गिरक्या घेणारा ससा पाहवत नाही, पण असे कितीतरी ससे महिनाभराच्या औषधाने सावरतात आणि मान थोडी तिरकी राहिली तरी मजेत खातात-पितात. दिसायला भयंकर असलेले दुखणे आणि सोसायला भयंकर असलेले दुखणे, यांची गल्लत करू नये. भुऱ्याचे दुखणे दुसऱ्या प्रकारचे आहे.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल, तर जरूर घ्या, पण भुऱ्याला घेऊन वणवण करू नका. एक्स-रे आणि वजनाच्या नोंदी घेऊन आधी तुम्ही स्वतः जा. परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारता येईल. ऐरोलीहून ठाण्याला नेतानाच विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली रिक्षा अडकते, पिंजऱ्यात तो थरथरत असतो आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत काही खात नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. त्या प्रत्येक फेरीची किंमत तोही मोजतो आहे.

मी केलेली चूक आता सांगते. वसंत विहारला राहत असताना आमच्याकडे एक सशीण होती. मादीचे गर्भाशय वेळेत काढून टाकले नाही, तर वय वाढेल तसा तिथे कर्करोग होण्याचा धोका फार असतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. कळले तेव्हा तो फुप्फुसात पोहोचला होता. तिला मी आणखी तीन आठवडे ठेवले. औषधे चालू होती, कोथिंबिरीची दोन पाने खाल्ली की मी घरभर सांगत असे. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेऊ लागला म्हणजे अगदी निकराची वेळ आलेली असते. शेवटच्या चार रात्री ती नाक वर धरून बसूनच होती, कारण आडवे झाले की श्वास कोंडायचा. बसल्या बसल्या तिला झोप लागायची, मान खाली जायची आणि ती दचकून पुन्हा नाक वर करायची. रात्रभर हेच चालायचे. मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मी तिच्यासाठी जागते आहे अशी माझी समजूत होती. ते तीन आठवडे तिला नको होते, मला हवे होते, हे मान्य करायला मला फार दिवस लागले.

म्हणूनच तुमच्या पत्रातले बोर्डाच्या परीक्षेचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमचा हेतू मला पूर्ण समजतो. दहावीचे वर्ष, पंधरा दिवसांवर आलेली प्रिलिम, आणि त्यात घरातला ससा जाणार, हे कोणत्याही आईला टाळावेसे वाटेल. पण मार्च अजून अडीच महिने दूर आहे आणि भुऱ्याकडे अडीच महिन्यांचे वजन शिल्लक नाही. तुम्ही थांबलात, तरी तो परीक्षा संपेपर्यंत थांबेल याचा भरवसा नाही. उलट एखाद्या पेपरच्या आदल्या रात्री तो तिच्या डोळ्यांदेखत तडफडत जाण्याचीच शक्यता अधिक आहे.

शिवाय मुलीला यातले काही कळत नाही, असे समजू नका. सकाळची पाच वाजताची सिरिंज तीच भरवते. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरणे, ओठांच्या बाजूने सिरिंजचे टोक सरकवणे आणि त्याने गिळेपर्यंत थांबणे हे रोज तिचे काम आहे, आणि तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्यही तिचेच आहे. ती तुम्हाला म्हणाली, 'आई, तो आता माझ्या हाताकडे पाठ करून बसतो.' सात वर्षे ज्या हातातून त्याने पाने ओढून खाल्ली, त्या हाताकडे त्याने आता पाठ फिरवली आहे, कारण हात जवळ आला की तोंडात सिरिंज जाणार हे त्याला पाठ झाले आहे. हे तिने पाहिले, तिने सांगितले आणि मग ती गप्प झाली. तिच्याशी बोला, आणि निर्णय झाल्यावर कळवण्यापुरते नव्हे, तर निर्णयाआधी बोला. 'तुला काय वाटते, त्याला किती त्रास होतो आहे?' असे विचारा आणि तिचे ऐकून घ्या. मात्र शेवटचा शब्द तिच्यावर टाकू नका. तो भार मोठ्यांनी उचलायचा असतो, नाहीतर पुढे जन्मभर 'मीच हो म्हणाले' हे तिला छळत राहील. आणि त्याला गावच्या मोकळ्या रानात पाठवले, अशी थाप मारण्याचा जो विचार तुम्ही कंसात लिहून खोडला आहे, तो खोडलेलाच राहू द्या. पंधरा वर्षांच्या मुलीला ती थाप एका दिवसात कळेल.

सासूबाईंचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. १९२८ साली साबरमती आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि त्याला कूस बदलणेही सोसत नव्हते. तेव्हा गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी विचारविनिमय करून डॉक्टरांकरवी इंजेक्शन देववून त्याचा शेवट केला आणि आपण स्वतः तिथे उभे राहिले. त्यावरून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, रागाची पत्रे आली, तरी आपण हे अहिंसेला धरूनच केले, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. सासूबाईंना हे पटेलच असे नाही, आणि पटलेच पाहिजे असेही नाही, पण हा प्रश्न तुम्हालाच पहिल्यांदा पडलेला नाही, एवढे तरी त्यांना दिसेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही, जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरू शकते, हे गृहीत धरलेले आहे.

त्याच कायद्याने, उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे, हे दिरांना सांगा. येऊरच्या रानात ससे आहेत हे खरे, पण तो रानससा वेगळ्या जातीचा प्राणी आहे. टाइल्सवर वाढलेल्या, जबडा सडलेल्या भुऱ्याला तिथे एक रात्रही निभावणार नाही, आणि ती रात्र इंजेक्शनपेक्षा दयाळू असेल, असे म्हणणाऱ्याने तिथला बिबट्या आठवावा.

पैशांविषयी तुम्ही फार ओशाळून लिहिले आहे. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. 'एवढ्याशा सशासाठी ४२,००० रुपये?' असे विचारणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही, आणि आता आणखी खर्च झेपत नाही, असे डॉक्टरांना सांगण्यातही कमीपणा नाही. यजमानांशी मात्र एकदा आकडा समोर ठेवून बोला. बिले गुपचूप फाइलला लावणाऱ्या माणसालाही काहीतरी म्हणायचे असते. राहिला 'आम्हीच पोळी आणि गाजरे घालून त्याचे दात बिघडवले का' हा प्रश्न. थोडेफार तसे झाले असेल. दाढा झिजायला सशाला दिवसभर गवत चघळावे लागते, ते आपल्याकडे फार कमी लोकांना सांगितले जाते, आणि काही सशांचा जबडा जन्मतःच बेताचा असतो. हे एकदा मान्य करा आणि सोडून द्या, कारण पुढच्या निर्णयाला त्याचा काही उपयोग नाही.

त्या दिवशी नेमके काय होते, हे आधी माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही. डॉक्टरांना सांगा, की आधी गुंगीचे इंजेक्शन द्या आणि तो पूर्ण झोपल्यावरच पुढचे. गुंगी चढायला काही मिनिटे लागतात, तेवढा वेळ तो तुमच्या मांडीवर त्याच्याच टॉवेलमध्ये असू शकतो. मग साधारणपणे कानाच्या शिरेतून भुलेचे औषध जास्त मात्रेत देतात आणि थोड्याच वेळात हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, एखादा स्नायू उडतो, क्वचित एक खोल श्वास आल्यासारखा वाटतो. तेव्हा तो जागा नसतो. ही गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती दचकणार नाही. डॉक्टर घरी येऊ शकत असतील तर फारच उत्तम, विटाव्याची ती एक फेरी तरी वाचेल. येऊ शकत नसतील, तर दुपारची, दवाखान्यात कुत्र्यांची गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. नंतर त्याला कुठे न्यायचे, सोसायटीच्या बागेत पुरायला परवानगी मिळते का, हेही आदल्या दिवशी विचारून ठेवा. त्या दिवशी विचारायला सुचणार नाही.

तुम्ही शेवटी विचारले आहे, की त्या सकाळी त्याला सिरिंज भरवायची का. भरवू नका. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे भुलेआधी त्याला उपाशी ठेवावे लागत नाही, म्हणून दूर्वा, कोथिंबीर, आणि इतकी वर्षे डॉक्टरांनी बंद केलेले केळे, सगळे समोर ठेवा. खाल्ले तर खाऊ द्या. मुलीला पाच वाजता उठायची सवय झाली असेल, तर ती उठेलच. तिला सांगा, की आज नुसते जवळ बसायचे आणि हात जमिनीवर ठेवायचा.